नुकसानभरपाई, कामगारांची

कामामुळे आणि काम चालू असताना घडलेल्या अपघाताने कामगारास इजा झाली, तो अपंग झाला किंवा मरण पावला, तर मालकाने त्याला अथवा त्याच्या अवलंबितांना कायद्यानुसार द्यावयाच्या रकमेस कामगार नुकसानभरपाई म्हणतात. मालकाची चूक होती की नव्हती, हा प्रश्न येथे सामान्यतः गौण असतो. ज्याच्या लाभासाठी काम चालते त्याने त्या कामातील धोक्याचाही भार उचलावा, या तत्त्वावर ही भरपाई उभी आहे. यंत्राची झीज जशी उत्पादनखर्चात धरली जाते, तशी माणसाच्या शरीराची हानीही धरली जावी, असा याचा अर्थ. तत्त्व सोपे आहे; परंतु ‘मालक कोण’ हे जेथे सहजासहजी सांगता येत नाही, तेथे ते अमलात आणणे कठीण होते. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट आणि त्याच्या आसपासची बालाघाटच्या पठारावरील गावे हा अशाच अडचणीचा मुलूख आहे. येथील पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि गळीत हंगाम आटोपल्यावर परततात. प्रस्तुत नोंदीत नुकसानभरपाईच्या कायद्याचा इतिहास आणि जायबंदी कामगारांना नेहमी पडणारे प्रश्न यांचा विचार मुख्यतः या स्थलांतरित मजुरांच्या संदर्भात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कामगाराला भरपाई मिळविण्यासाठी मालकाचा निष्काळजीपणा न्यायालयात सिद्ध करावा लागे. अपघात सहकाऱ्याच्या चुकीने झाला असेल तर मालक जबाबदार नाही, असे तेथील न्यायालयाने १८३७ मध्ये ठरविले. शिवाय धोका माहीत असूनही कामगाराने काम पत्करले, हा बचाव मालकाला उपलब्ध होताच. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकीर्दीत १८८४ साली सक्तीच्या अपघात विम्याचा कायदा झाला. इंग्लंडने जोसेफ चेंबरलिनच्या पुढाकाराने १८९७ मध्ये चूक सिद्ध न करता भरपाई देण्याचे तत्त्व काही धोक्याच्या धंद्यांपुरते स्वीकारले.

भारतात १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याने मृताच्या वारसांना दावा करता येत असे. पण तेथेही दुसऱ्याचा दोष दाखवून द्यावा लागे. गिरणीतल्या मजुराच्या विधवेला हे साधणे जवळजवळ अशक्यच होते. मुंबईच्या गिरणी कामगारांनी हा प्रश्न फार लवकर ओळखला होता. ‘दीनबंधु’चे संपादक व सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील रविवारच्या सुटीची मागणी पुढे प्रसिद्ध झाली, कारण ती १८९० मध्ये मान्य झाली. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती : कामावर असताना जबर दुखापत झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि तो जन्माचा अधू झाल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. या मागणीची दखल कायद्याने घ्यावयास पुढे जवळजवळ चाळीस वर्षे लागली. लोखंडे १८९७ मध्ये, म्हणजे इंग्लंडात तो कायदा झाला त्याच वर्षी, निवर्तले. मराठी माणसाने ही मागणी इंग्रजी कायद्याच्या आधी तेरा वर्षे केली होती, ही गोष्ट आपल्याकडील कामगार कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत अभावानेच आढळते.

पहिल्या महायुद्धानंतर संपांची लाट, १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची आणि १९२० मध्ये मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना, या घटनांनी वातावरण बदलले. कामगार नुकसानभरपाई कायदा (१९२३ चा आठवा) मार्च १९२३ मध्ये संमत होऊन १ जुलै १९२४ पासून अमलात आला. भारतातील सामाजिक सुरक्षेचा हा पहिला मोठा कायदा होय. त्यातील मूळ रकमा आज वाचताना तुटपुंज्या वाटतात. प्रौढ कामगाराच्या मृत्यूबद्दल तीस महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रु., यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. कायमच्या पूर्ण अपंगत्वाबद्दल बेचाळीस महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रु., यांतीलही कमी तीच. अल्पवयीन कामगाराच्या मृत्यूची किंमत २०० रु. ठरविली होती. अपघातानंतरचे पहिले दहा दिवस काहीच मिळत नसे. पुढे व्हिटली आयोगाच्या (१९२९–३१) शिफारशींनुसार १९३३ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. या आयोगात ना. म. जोशी हे सदस्य होते. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालावरून १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला आणि त्याची योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. ज्या कामगारांना ही विमा योजना लागू झाली, त्यांची भरपाईची जबाबदारी मालकाकडून विमा महामंडळाकडे गेली. उरलेल्यांसाठी १९२३ चाच कायदा राहिला.

मराठवाड्याचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने गेला. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी केलेला १९२३ चा कायदा तेथे आपोआप लागू नव्हता; ‘ब’ वर्ग राज्यांना केंद्रीय कायदे लागू करणाऱ्या १९५१ च्या अधिनियमाने तो तेथवर पोहोचला. पोहोचला तेव्हा त्याला लागू पडण्याजोगे कारखाने या भागात फारसे नव्हतेच. हातांनी होणारी शेती कायद्याच्या अनुसूचीत नव्हती. ट्रॅक्टर किंवा यांत्रिक शक्तीने होणारी तेवढी होती. त्यामुळे कोरडवाहू केज तालुक्यातील मजुराचा या कायद्याशी प्रत्यक्ष संबंध आला तो गावात नव्हे, तर गावापासून शेकडो किलोमीटरवर, उसाच्या फडात.

ऊसतोड आणि मालकाचा प्रश्न : प्रवरानगर येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढील दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात अशा कारखान्यांचे जाळे विणले गेले. उसाला पाणी तिकडे होते; तोडणारे हात मात्र बीड, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यांतून येऊ लागले. १९७२ च्या दुष्काळाने हा ओघ वाढविला. आता हे मजूर कर्नाटकातील कारखान्यांवरही जातात.

या व्यवसायाची घडण समजल्याशिवाय नुकसानभरपाईची अडचण उमगत नाही. कारखाना किंवा त्याने स्थापन केलेली तोडणी-वाहतूक संस्था मुकादमाशी वा वाहतूकदाराशी करार करते व त्याला आगाऊ रक्कम देते. मुकादम ती ‘उचल’ म्हणून मजुरांत वाटतो आणि टोळी जमवितो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’ ठरतो. कोणत्या शेतातला ऊस कोणत्या दिवशी तोडावयाचा हे कारखान्याचे शेती खाते ठरविते, वजन कारखान्याच्या काट्यावर होते, दर राज्यपातळीवरील करारात साखर संघ व मजूर संघटना यांच्यात ठरतो. मजुराला हिशेब मात्र मुकादम देतो. शेत तिसऱ्याचे, ट्रॅक्टर चौथ्याचा. अपघात झाला की कारखाना मुकादमाकडे, मुकादम वाहतूकदाराकडे आणि वाहतूकदार शेतकऱ्याकडे बोट दाखवितो.

कायदा याबाबत अगदी मुका नाही. १९२३ च्या कायद्याच्या बाराव्या कलमान्वये एखाद्या धंदेवाल्याने आपल्या धंद्याचा नित्य भाग असलेले काम कंत्राटदाराकरवी करून घेतले, तर कंत्राटदाराच्या कामगाराला झालेल्या इजेची भरपाई मुख्य धंदेवाल्याकडून मागता येते. ती त्याने मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी. ऊस तोडून आणल्याखेरीज साखर निघत नाही, म्हणून तोडणी हा कारखान्याच्या धंद्याचा नित्य भाग आहे, हे सांगावयास वकील लागत नाही. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतही उत्पादनप्रक्रियेशी किंवा तयार मालाशी निगडित असे कोणतेही काम, मग ते कारखान्याच्या आवाराबाहेर का असेना, समाविष्ट आहे. अडचण आहे ती बाराव्या कलमाच्या शेवटच्या पोटकलमाची. मुख्य धंदेवाल्याने जेथे काम हाती घेतले आहे किंवा जी जागा त्याच्या ताब्यात अगर व्यवस्थेखाली आहे, अशा जागेबाहेर अपघात झाला तर हे कलम लागू नाही, असे ते म्हणते. उसाचा फड कारखान्याच्या मालकीचा नसतो, म्हणून कारखान्याची जबाबदारी नाही, असा बचाव त्यावरून घेता येतो. परंतु तोडणीचा दिवस, तोडणारी टोळी आणि नेणारे वाहन ही तिन्ही ज्या शेतासाठी कारखाना ठरवितो, ते शेत तेवढ्या काळापुरते ‘काम हाती घेतलेली जागा’ नव्हे, असे म्हणणे शब्दांची ओढाताण होय. कारखाना आणि मुकादम या दोघांनाही प्रतिपक्षी करून अर्ज दाखल करणे, हाच यावरील व्यवहार्य मार्ग आहे. एकट्या मुकादमाविरुद्ध निकाल मिळूनही पुष्कळदा हाती काही लागत नाही. थकलेली भरपाई जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते हे खरे, पण मुकादमाची जमीनच उचलीपायी गहाण पडलेली असू शकते. सर्व मालकांनी या जबाबदारीचा विमा उतरविलाच पाहिजे, अशी सक्ती १९२३ च्या कायद्याने केली नव्हती.

तुलनेसाठी माथाडी कामगारांचे उदाहरण घेण्याजोगे आहे. बाजार समितीतला हमाल सकाळी एका आडत्याचा व दुपारी दुसऱ्याचा माल उचलतो, म्हणून त्याचाही मालक कोण हे पूर्वी सांगता येत नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर झालेल्या १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने मंडळे स्थापन केली. मालक व कामगार या दोघांची नोंदणी सक्तीची झाली आणि नोंदलेल्या कामगारांना नुकसानभरपाईचा कायदा लागू केला गेला. म्हणजे मालक ठरविण्याचा वाद अपघातानंतर न घालता आधीच मिटविला गेला. ऊसतोड मजुरांसाठी या धर्तीची मागणी संघटनांनी अनेक वर्षे केली आहे.

कोणता अपघात कामाचा : अपघात ‘कामातून उद्भवलेला’ आणि ‘काम चालू असताना’ घडलेला, असा दुहेरी असावा लागतो. कोयत्याने बोट तुटणे, मोळी डोक्यावरून चढविताना फळीवरून पडणे, भरलेली ट्रॉली उलटून तिच्याखाली सापडणे, ही उदाहरणे उघडच कामाची आहेत. सर्पदंशाविषयी मजुरांना शंका असते. ज्या जागी काम करावे लागते त्या जागेचाच तो धोका असेल, तर तो कामातून उद्भवला असे मानण्याचे तत्त्व न्यायालयांनी स्वीकारलेले आहे. उसाच्या फडात साप निघणे हा योगायोग म्हणता येणार नाही. रात्री कोपीवर घडलेल्या अपघाताचे प्रकरण अधिक नाजूक असते. कोपी कारखान्याने दिलेल्या तळावर आहे काय, रात्री-अपरात्री वाहन भरण्यास बोलावले जाते काय, या गोष्टी तेथे निर्णायक ठरतात.

वाटेतील अपघातांचा इतिहास न्यायालयीन निवाड्यांत पाहावा लागतो. कामाची हद्द फाटकाशी संपत नाही, ती वाजवी अंतरापर्यंत व वेळेपर्यंत लांबते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये तत्त्व म्हणून मान्य केले. परंतु त्या प्रकरणातील मिठागराच्या मजुरांची सार्वजनिक होडी बुडाली होती, म्हणून त्यांच्या वारसांना भरपाई नाकारली. १९६३ मध्ये मुंबईच्या बेस्ट उपक्रमातील बसचालकाच्या प्रकरणात तेच तत्त्व त्याच्या विधवेच्या बाजूने लागू झाले. पाळी संपवून तो उपक्रमाच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला होता. १९९६ च्या एका निवाड्यात मात्र कारखान्यापासून सुमारे एक किलोमीटरवर जखमी झालेल्या कामगाराचा दावा फेटाळला गेला. ही अनिश्चितता आता नव्या कायद्याने बरीच कमी झाली आहे; त्याविषयी पुढे सांगितले आहे.

ट्रॅक्टर, ट्रक किंवा ट्रॉलीच्या अपघातात मोटार वाहन कायदा, १९८८ याखालीही दावा करता येतो. दोन्हींपैकी एकच मार्ग निवडावा लागतो. मोटार अपघात न्यायाधिकरणात रक्कम बहुधा जास्त मिळते, पण वाहनचालकाचा दोष दाखवावा लागतो. नुकसानभरपाईच्या दाव्यात तो दाखवावा लागत नाही.

दारूच्या नशेत असणे, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणे किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकणे, हे बचाव मालकाला आहेत. परंतु मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असल्यास ते चालत नाहीत. केवळ निष्काळजीपणा हा बचाव होऊ शकत नाही.

भरपाईची रक्कम : १९८४ च्या दुरुस्तीपासून रक्कम वय व वेतन यांवरून काढतात. मृत्यूबद्दल मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाबद्दल ६० टक्के रकमेस वयानुसार ठरविलेल्या गुणकाने गुणावयाचे. सोळा वर्षांपर्यंत हा गुणक २२८·५४ असून वयाबरोबर उतरत जाऊन पासष्ट वर्षांनंतर ९९·३७ होतो. तिसाव्या वर्षी तो २०७·९८ आहे. हिशेबात धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा ३१ मे २०१० पासून ८,००० रु. व ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रु. अशी होती. २००९ च्या दुरुस्तीने मृत्यूबद्दल किमान १,२०,००० रु. आणि पूर्ण अपंगत्वाबद्दल किमान १,४०,००० रु. ठरविले, उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकावर टाकला आणि कायद्याच्या नावातील पुरुषवाचक इंग्रजी शब्द काढून ‘कर्मचारी’ हा व्यापक शब्द घातला.

अंशतः अपंगत्वासाठी पहिल्या अनुसूचीत टक्केवारी दिलेली आहे : अंगठा गेल्यास ३०, तर्जनी पूर्ण गेल्यास १४, मधले बोट १२, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५०. महिना १५,००० रु. मिळविणाऱ्या तीस वर्षांच्या कामगाराचा अंगठा तुटला, तर या हिशेबाने ५,६१,५४६ रु. येतात. ही टक्केवारी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. डावा हात कोपरावरून गमावलेला सुतार सुतारकामच करू शकत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व पूर्ण मानावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ठरविले. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, हेही त्याच निवाड्यात सांगितले गेले. कोयता ज्या हाताने धरावयाचा तो हात निकामी झालेल्या मजुराला हा निवाडा उपयोगी पडणारा आहे. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्यास मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळते. पहिल्या तीन दिवसांची मिळत नाही, पण अपंगत्व अठ्ठावीस दिवस वा अधिक टिकल्यास तीही मिळते.

ऊसतोडीत गुणकापेक्षा वेतनाचा आकडाच अधिक वादाचा असतो, आणि त्यात सर्वांत जास्त नुकसान स्त्रियांचे होते. मजुरी टनावर व कोयत्यावर ठरते आणि मुकादमाच्या वहीत नाव बहुधा नवऱ्याचे असते. जानेवारी २०२४ च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रु. झाला. एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडले असे धरले, तर निम्मी मजुरी बायकोची, म्हणजे दिवसाला ३६६ रु. व तीस दिवसांची १०,९८० रु. होते. तीस वर्षांची अशी स्त्री अपघातात मरण पावली, तर वरील रीतीने भरपाई ११,४१,८१० रु. येते. ‘ती नवऱ्याला मदत करीत होती, तिला वेगळी मजुरी नव्हती’ एवढे विधान मान्य झाले, तर प्रकरण किमान रकमेवर, म्हणजे १,२०,००० रुपयांवर घसरू शकते. किंबहुना ती कामगारच नव्हे, असाही पवित्रा घेतला जातो. मोळ्या बांधणारी व वाहणारी स्त्री कोयत्याचा अर्धा हिस्सा असते, ही गोष्ट ‘कोयता’ या हिशेबी शब्दातच मान्य केलेली आहे. तिच्या दाव्यात ती प्रथमच मांडली पाहिजे.

दावा कसा करावा : अपघाताची सूचना शक्य तितक्या लवकर द्यावी. मालकाला अपघात अन्य मार्गाने कळला असेल, तर लेखी सूचनेअभावी दावा बुडत नाही. १९२३ च्या कायद्यात दाव्याची मुदत अपघातापासून अथवा मृत्यूपासून दोन वर्षे होती. पुरेसे कारण दाखविल्यास उशीर माफ करता येई. अर्ज नुकसानभरपाई आयुक्ताकडे करावयाचा असे. महाराष्ट्रात हे अधिकार प्रामुख्याने कामगार न्यायालये व दिवाणी न्यायाधीश यांना दिलेले होते. पूर्वी अपघात जेथे घडला तेथेच दाद मागावी लागे. कोल्हापूर किंवा बेळगावकडे घडलेल्या अपघातासाठी नांदूरघाटच्या विधवेने तिकडे खेटे घालणे शक्य नव्हते, आणि कित्येक दावे केवळ या कारणाने उभेच राहिले नसतील. १९९५ च्या दुरुस्तीने दावेदार जेथे सामान्यतः राहतो तेथेही अर्ज करण्याची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये या तरतुदीचा उदार अर्थ लावला. स्थलांतरित मजुरांच्या दृष्टीने ही या कायद्यातील सर्वांत मोलाची दुरुस्ती म्हटली पाहिजे.

पुराव्यात टोळीची यादी, मुकादमाचा करारनामा, तोडीच्या चिठ्ठ्या व वजनाच्या पावत्या, रुग्णालयाचे कागद, पोलिसांचा पंचनामा आणि मृत्यू झाल्यास शवविच्छेदनाचा अहवाल यांना महत्त्व असते. प्रेत त्याच रात्री गावाकडे आणून अंत्यविधी उरकला, की यांतील निम्मे कागद कायमचे हातचे जातात.

तडजोडीविषयी लोकांचा समज चुकीचा असतो. कारखान्याच्या विश्रामगृहात किंवा मुकादमाच्या ओसरीवर पाच-पन्नास हजार रुपये देऊन ‘आता काही मागणे राहिले नाही’ असा कागद लिहून घेतात. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई आयुक्ताकडेच जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या वेतनाएवढी आगाऊ सोडल्यास, भरपाई दिली म्हणून धरली जात नाही. हक्क सोडून देणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक असतो. आणि उचल? तीही भरपाईतून कापता येत नाही. भरपाईवर जप्ती आणता येत नाही, ती दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, तिच्यासमोर कोणतेही येणे वळते करता येत नाही, असे कायद्याच्या नवव्या कलमात म्हटले होते. मृत मजुराच्या डोक्यावरची उचल त्याच्या विधवेने किंवा कोवळ्या मुलाने पुढच्या हंगामात फेडावी, असा जो व्यवहार चालतो, त्याला या कायद्याचा कसलाही आधार नाही.

देय झाल्यापासून महिन्यात भरपाई न दिल्यास १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत जादा रक्कम मालकावर बसते. प्रकरण तीन महिन्यांत निकालात काढावे असे २००९ च्या दुरुस्तीने सांगितले. प्रत्यक्षात याहून कितीतरी अधिक काळ लागतो. नोकरीवर घेतानाच कामगाराला त्याच्या या हक्कांची माहिती त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी, असे बंधन २०१७ मध्ये मालकांवर आले. ऊसतोडीच्या करारनाम्यात कायद्याची अशी माहिती शोधूनही सापडणे कठीण आहे.

विमा व इतर योजना : कर्मचारी राज्य विमा योजनेतून हंगामी कारखाने वगळलेले आहेत आणि त्यांत साखर व गूळ तयार करणाऱ्या कारखान्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे विम्याची पक्की व्यवस्था ऊसतोड मजुरापर्यंत येतच नाही. राज्य शासनाने २०१९ मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या नावे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन करण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या दर टनामागे १० रु. आणि तेवढीच रक्कम शासनाकडून, अशी तरतूद पुढे करण्यात आली. ज्या मजुराच्या कुटुंबाच्या नावे सात-बारा आहे, त्याला शेतकऱ्यांसाठीच्या अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मृत्यूबद्दल २ लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. अशी मदत स्वीकारल्याने नुकसानभरपाईचा हक्क जात नाही. रोजगार हमीच्या कामावरील अपघातासाठी २००५ च्या राष्ट्रीय कायद्याच्या मूळ अनुसूचीत विनामूल्य उपचार आणि मृत्यू वा कायम अपंगत्वाबद्दल २५,००० रु. सानुग्रह रक्कम सांगितली होती.

आजारांचा प्रश्न याहून बिकट आहे. तिसऱ्या अनुसूचीत शिसे-विषबाधा, सिलिकोसिस, सूतगिरणीतला कापसाच्या धुळीचा फुप्फुसविकार इ. व्यवसायजन्य रोग आहेत. ऊसतोडीतील कंबर व मणक्याचे विकार, गर्भपात, वाढत्या ओझ्याचे परिणाम यांना तेथे स्थान नाही. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामाच्या वेळी, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांतील खाडा टाळणे हे यामागील एक कारण म्हणून पुढे आले. शरीराची ही हानी कामाशी निगडित असली, तरी ‘अपघात’ या शब्दात ती बसत नाही आणि रोगांच्या अनुसूचीतही बसत नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता : १९२३ चा कायदा रद्द होऊन त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने २१ नोव्हेंबर २०२५ पासून घेतली. त्या तारखेपूर्वी घडलेल्या अपघातांचे हक्क जुन्या कायद्याप्रमाणेच राहतात. संहितेच्या सातव्या प्रकरणात जुन्या कायद्याची चौकट बहुतांशी कायम ठेवली असून आयुक्ताऐवजी ‘सक्षम प्राधिकारी’ आला आहे. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी परतताना झालेला अपघात, त्याची वेळ, जागा व परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखविता आल्यास, कामाचाच मानला जाईल, ही नवी तरतूद होय. अंत्यविधीच्या खर्चाची किमान रक्कम १५,००० रु. झाली आहे. फड दूर असल्याने पहाटे ट्रॅक्टरमध्ये बसून कोपीवरून निघणाऱ्या टोळीला वाटेतील अपघाताची तरतूद लागू पडण्याजोगी आहे. मात्र नांदूरघाटहून हंगामाच्या आरंभी कारखान्याकडे निघालेल्या वाहनाला अपघात झाल्यास गावचे घर हे ‘निवासस्थान’ व तो प्रवास ‘कामासाठीचा’ मानावा की नाही, हे न्यायालयांना ठरवावे लागेल. कारखाना, तोडणी संस्था आणि मुकादम यांच्यापैकी मालक कोण, याचे उत्तर संहितेनेही प्रत्येक प्रकरणातील पुराव्यावरच सोडले आहे.